बोक्याला न दिलेली गोळी

मामांना भाचा नव्हता. सख्खी बहीणच नव्हती, तर भाचा कुठून येणार! तरी फळबागेतले सगळे त्यांना मामा म्हणत, आणि त्यामुळे त्यांच्या बायकोला विनातक्रार मामी व्हावं लागलं होतं. सुरुवातीला हे नाव 'उंदीरमामा' असं पूर्ण होतं. मालकांनी त्यांना आणलं होतं सुतारकामाला, फळांच्या पेट्या ठोकायला. पण त्याच वर्षी शेतउंदरांनी नव्या कलमांच्या बुंध्याची साल गोल गोल कुरतडून टाकली, रांगच्या रांग वाळली आणि मालक डोक्याला हात लावून बसले. मामांनी उरल्यासुरल्या फळ्यांचे पिंजरे केले. तेव्हापासून पेट्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या आणि उंदीर मामांच्या गळ्यात पडले, ते कायमचे.

पिंजरा लावायची त्यांची एक रीत होती आणि तिच्यात कुणी नाक खुपसलेलं त्यांना खपत नसे. आधी हात मातीत चोळायचे, म्हणजे माणसाचा वास लागत नाही. मग गवत बाजूला सारून उंदरांच्या येण्याजाण्याची बोटभर रुंद वाट शोधायची आणि पिंजऱ्याचं तोंड बरोबर तिच्यावर आणायचं. आत गाजराची चकती आणि मूठभर सुकं गवत. गवत कशाला, असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "पकडायचं ते पकडायचं, वर थंडीनं का मारायचं? आपलं भांडण सालीपुरतं आहे." विष टाकायला त्यांचा ठाम विरोध होता, कारण त्यानं घुबडं मरतात. सकाळी मात्र हेच दयाळू मामा पिंजऱ्याचं दार बोक्यासमोर उघडत, आणि त्यांच्या दयेची हद्द तिथं संपत असे.

बोका हा कुत्रा होता. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण नवा माणूस दर वेळी फसे. पंपाच्या खोलीत सापडलेलं तपकिरी पिल्लू, आखूड पायांचं, एक कान मोडलेला. भुंकायचा त्याला कंटाळा. चोर आला असता तर त्यानं शेपटी हलवून त्याला कपाटापर्यंत नेलं असतं. पण उंदीर दिसला की हा गडी चारी पाय एकदम उचलून हवेत उडी घेई आणि नाक पुढे करून उंदरावर उतरे. एका घासात काम तमाम. कुत्र्याच्या जन्माला येऊन मांजराची नोकरी करतो, म्हणून मामींनी त्याचं नाव बोका ठेवलं. रात्री तो चुलीशेजारी मामींच्या शालीच्या टोकावर झोपे. दुपारी ऊन वाढलं की परसातल्या पालेभाजीच्या वाफ्यात, ओल्या मातीवर, पोट टेकून पडे. मामी ओरडत, तो ढिम्म हलत नसे, आणि मग मामी त्याच्या पोटाशेजारचीच कोवळी पानं खुडून, पाण्यातून एकदा हिसळून, ताटात वाढत. कच्ची पानं, मुळा, गाजर, सगळं त्या वाफ्यातलं. मामींना त्या वाफ्याचा फार अभिमान होता.

या घरात बाई आल्या.

शहरातल्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून आलेली, पाठीवर मोठी पिशवी आणि पायात गुडघ्यापर्यंत बूट असलेली ही काटकुळी मुलगी मालकांची चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मामांना वाटलं, पेट्यांचा हिशेब तपासायला कुणीतरी आलंय. तिला हवे होते शेतउंदीर. जिवंत, आणि हंगामभर. मामांना हसू आवरेना. आयुष्यभर लोक त्यांच्याकडे उंदीर घालवायला येत, ही पहिलीच जी उंदीर मागायला आली. मागच्या खोलीत तिची सोय झाली, एक हंगाम म्हणून. पण तिचं काम काही एका हंगामात संपलं नाही. वर्षामागून वर्षं ती येत राहिली, आणि मागच्या खोलीला सगळे 'बाईंची खोली' म्हणू लागले.

मामा तिला बाई म्हणत आणि अहोजाहो करत. मामींनी तसला काही मान दिला नाही. त्यांच्या लेखी ती पहिल्या दिवसापासून 'पोर' होती, आणि फार हाडकुळी होती. तिला ताप आला की मामी रात्रभर उशाशी. तिची आई गेली, तेव्हा ती सगळं उरकून आपल्या घरी गेली नाही, सरळ बागेत आली. मामी भाजी निवडत होत्या, ती बाजूला ठेवली आणि तिला जवळ घेतलं. मामा बाहेर जाऊन उगीचच एक नीट असलेला पिंजरा दुरुस्त करत बसले. पोटच्या पोरी नसलेल्या त्या घरात बाईंनी कुठली जागा घेतली होती, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

बाईंचं काम मामांना हळूहळू कळत गेलं. बाई मेलेल्या उंदराचं पोट लहानशा कात्रीनं उघडत आणि यकृत दाखवत. एखाद्याचं लालचुटुक, एखाद्याचं पांढऱ्या बुडबुड्यांनी भरलेलं. "हा कोल्ह्यांचा जंत, मामा," त्या सांगत. "चपटा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. राहतो कोल्ह्याच्या आतड्यात, आणि कोल्ह्याला पत्ताही नसतो. अंडी कोल्ह्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. गवताबरोबर उंदीर ती खातो. मग त्याच्या यकृतात ही गाठ वाढते. उंदीर सुस्तावतो, पळता येत नाही, आणि पुन्हा कोल्ह्याच्या तोंडी जातो. झालं चक्र पूर्ण." मामांना हे ऐकून गंमत वाटली आणि थोडी शिसारीही आली. त्यांनी विचारलं, "आपल्याला नाही ना होत हे?" बाई हसून म्हणाल्या, "का? तुम्ही उंदीर खाता का मामा?" यावर मामी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला. पुढे आठवडाभर मामा जेवायला बसले की त्या विचारत, "आज उंदीर वाढू की भाजी?"

तरी मामांनी काळजी घेतली. उंदीर हाताळताना हातमोजे. पिंजरे उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत, हा मामींचा हुकूम. काम झालं की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत साबण. मालकांच्या माणसांनाही त्यांनी हीच शिस्त लावली. उंदीर म्हणजे घाण, बोका म्हणजे घरचा, असा सरळ हिशेब होता. साबणानं लखलखीत धुतलेल्या हातांनी मामा घरात येत आणि त्याच हातांनी बोक्याचं तोंड कुरवाळत बसत. आणि त्याचं तोंड त्यांच्या गालावर, मानेवर, मामींच्या हातावर फिरत राही. इतकी काळजी घेऊनही ती नेमकी चुकीच्या दाराशी पहारा देत होती, हे त्यांना कोण सांगणार? सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते समोरच चहा पीत बसलेलं असे.

बाईंना कोल्ह्यांची विष्ठाही लागे. मामा बांधाबांधानं फिरून ती चिमट्यानं गोळा करत आणि झाकणाच्या डब्यांत भरत. एके दिवशी बाई म्हणाल्या, "बोक्याचीही द्या. तुलना करायला." मामांना वाटलं, बरोबर आहे, रोगट जनावराशेजारी एक निरोगी हवंच. तेव्हापासून बोक्याचाही डबा भरू लागला. मामी म्हणत, "आमच्या बोक्याची विष्ठासुद्धा शास्त्राच्या कामाला येते, कुठल्या कुत्र्याचं एवढं नशीब असतं?" डबे संस्थेत जात, आणि त्यांत काय निघालं हे मामांनी कधी विचारलं नाही. निरोगी कुत्र्यात काय निघायचं!

बाईंचं काम संपलं, त्यांना संस्थेत कायमची नोकरी लागली, मागची खोली पुन्हा मामांच्या फळ्यांनी भरली. फोन येत राहिले. बोका म्हातारा झाला, उडी बुटकी झाली, पण उंदीर काही सुटेना. आणि मामींच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं.

आधी त्यांनी ते अंगावर काढलं. मग पित्त म्हणून गोळ्या घेतल्या. मग एका सकाळी मामांना त्यांच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. यकृतात मोठी गाठ. सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि आवाज खाली आणले. पण पोटाचे डॉक्टर म्हणून जे होते, ते फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग त्यांनी मामांना आपल्या खोलीत बोलावलं आणि एक चमत्कारिक प्रश्न विचारला.

"घरात कुत्रा आहे का? उंदीर खातो?"

"खातो म्हणजे? त्याचं नावच बोका आहे," मामा म्हणाले, आणि एवढ्या गंभीर जागी आपण हे काय बोलून बसलो म्हणून ओशाळले.

डॉक्टर हसले नाहीत. "मग हा कॅन्सर नाही. जंताची गाठ आहे. या जंताचं घर कोल्ह्याच्या आतड्यात, पण उंदीर खाणाऱ्या कुत्र्यातही तो तसाच राहतो. कुत्र्याला काही होत नाही. अंडी मात्र बाहेर पडतात, त्याच्या केसांना लागतात, जमिनीवर, भाजीवर जातात. आपल्या तोंडात गेली की आपल्या यकृतात वाढतात. खरं तर ती जागा उंदराची. माणूस तिथं चुकून जाऊन बसतो. उंदरात ही गाठ थोड्या आठवड्यांत वाढते, माणसात कित्येक वर्षं घेते."

"म्हणजे उंदरांमुळं नाही? मी आयुष्यभर उंदीर हाताळले."

"हाताळून नाही होत. उंदीर खाल्ला तरी माणसाला होत नाही. धोका कुत्र्याकडून."

मामांना सांडलेला चहा आठवला.

डॉक्टर पुढे बोलत होते. यकृताचा मोठा भाग काढावा लागेल, जोखीम आहे, त्यानंतर औषध बहुधा जन्मभर. "तुमच्या भागात हा जंत आहे, हेही आम्हाला अलीकडेच कळलं," ते म्हणाले. "संस्थेतल्या एका बाईंनी त्यावर फार चांगलं काम केलंय. त्यात एका बागेतला कुत्राही आहे, वर्षानुवर्षं तपासलेला."

"त्या बाई आमच्याच," मामा म्हणाले. "आमच्याकडंच राहायच्या."

डॉक्टरांनी हातातला फोटो खाली ठेवला. "मग त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच," ते म्हणाले, आणि मामांच्या तोंडाकडे बघून त्यांनी फोटो पुन्हा उचलला.

मामींना सगळं सांगावं लागलं, म्हणजे कुत्र्यापर्यंतचं. त्यांनी आधी एकच गोष्ट बजावली, "बोक्याला कुणी काही करायचं नाही. त्याला काय कळतंय?" मग मामांनी डॉक्टरांचं शेवटचं वाक्यही सांगितलं. मामींनी ते उडवून लावलं. "दुसऱ्या कुठल्या बागेतला कुत्रा असेल. तिला माहीत असतं तर तिनं आपल्याला सांगितलं नसतं का? जाऊन विचारा तिला. विचारून या, म्हणजे तुमच्या डोक्यातला किडा तरी जाईल."

त्या किड्यानं मामांचं डोकं पोखरून काढलं होतं. मामी वाचतात की नाही, ही भीती होतीच. पण तिच्या शेजारी ही दुसरी येऊन बसली होती आणि ती जास्त टोचत होती. पोरीला माहीत होतं का? देवाच्या मनात असेल ते होईल, पण तिला माहीत नसू दे, असं मामा दोन दिवस मनाशी घोकत राहिले.

मधल्या वेळात ते घरी जाऊन आले. जनावरांच्या डॉक्टरांनी बोक्यासाठी गोळी दिली होती. "उंदीर खातोय तोवर महिन्याला एक," असं सांगून. मामांनी ती पावाच्या तुकड्यात दाबली. बोक्यानं तो न चावताच गिळला आणि अजून आहे का, म्हणून वर बघितलं. मामा हात तसाच पुढे धरून बसून राहिले. संपलं. एवढंच काम होतं. कुणी हंगामात एकदा जरी म्हणालं असतं, मामा, याला गोळी द्या, तर त्यांनी रोज उठून दिली असती.

संस्थेकडे जाताना बसमध्ये त्यांना नको नको ते आठवू लागलं. बाई कच्ची पानं कधी खात नसत. "मला कच्चं पचत नाही," म्हणत, आणि मामी त्यांच्यासाठी वेगळी भाजी शिजवत. बोका जवळ आला की हात वर उचलून घेत. पायावर जीभ लागली तर उठून धुवून येत. "शहरातले नखरे," म्हणून मामींनी किती चिडवलं होतं! मामांनी मान झटकली. माणसाच्या सवयी असतात. सवयींवरून माणसाला फासावर चढवायचं नसतं, असं त्यांनी स्वतःला दटावलं.

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीत कुंड्या, भिंतभर फळ्या, फळ्यांवर झाकणाच्या डब्यांच्या ओळी. मामांना बघून त्या खुर्ची मागे सारून उठल्या, "मामा! कळवायचं तरी!" म्हणत त्यांचे दोन्ही हात धरले, स्वतः चहाचं पाणी ठेवलं. मामांना क्षणभर वाटलं, आपणच पापी, या पोरीवर संशय घेतला. मग त्यांनी सांगितलं. मामींना गाठ झाली आहे, यकृतात, तुमच्याच त्या जंताची.

बाईंचा चेहरा उतरला. त्या खाली बसल्या. कशी झाली, कुठून झाली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत पसरलीय?"

मामांना तिथंच उत्तर मिळालं होतं. तरी एवढ्या लांब आले होते, म्हणून विचारलं. "बोक्याच्या डब्यांत काय निघालं होतं, बाई?"

"मामा, माणसाला व्हायची शक्यता फार कमी असते. अंडी पोटात गेली तरी बहुतेकांच्या अंगात ती मरून जातात. अगदी क्वचित एखाद्याला..."

"मी ते नाही विचारलं."

चहाचं पाणी उकळायला लागलं. कुणी उठलं नाही. "जंत निघाले होते," बाई म्हणाल्या. "जवळजवळ सुरुवातीपासून."

"आणि त्याला गोळी असते, हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

बाई बोलू लागल्या, आणि एकदा बोलू लागल्यावर त्यांना थांबता येईना. उंदीर, कोल्हा आणि कुत्रा यांची अशी कुणाचा हात न लागलेली साखळी कुठं बघायला मिळत नाही. मध्येच एका जनावराला औषध दिलं की सगळी निरीक्षणं वाया जातात. संस्थेत त्यांची नोकरी टांगणीला लागली होती, सगळं या कामावर होतं. दर हंगामात त्या ठरवत, पुढच्या हंगामात सांगू. "मी भाजीबद्दल दोनदा बोलले होते मामींना. नीट धुवा म्हणून," त्या म्हणाल्या.

"नीट धुवा." मामांनी ते दोन शब्द तोंडात घोळवले. "आम्हाला नुसतं खरं सांगायला काय झालं होतं? आम्ही तुमच्या कामात कधी आडवे आलो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोक्याला गोळी दिली असती."

"दिली असतीच."

"म्हणून," बाई म्हणाल्या, आणि मग त्या रडू लागल्या.

केसानं गळा कापणं म्हणतात ते मामांनी लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, पण त्याला इतका वेळ लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. दहा वर्षं कापत होती, आणि रोज सकाळी विचारत होती, मामा, झोप लागली का? त्यांच्याच पिंजऱ्यांनी, त्यांच्याच हातांनी भरलेल्या डब्यांनी. डबा देताना मामा गंमत करत आणि ती हसे. कोल्ह्याला औषध देत नाहीत, कुत्र्याला देत नाहीत, आणि त्या साखळीशेजारी बसून भाजी खुडणाऱ्या मामींनाही काही सांगत नाहीत. या पोरीला वेगळी शिजवलेली भाजी मात्र मामींनीच करून घालायची! मामांना ओरडावंसं वाटलं. फळ्यांवरचे सगळे डबे खाली ओढावेसे वाटले. पण आयुष्यात ते कुणावर ओरडले नव्हते आणि आता कसं ओरडायचं ते त्यांना सुचेना. "तुम्ही कच्चं खात नव्हता," एवढंच ते म्हणाले.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. "मामा, एक मागू? मामींना हे मी सांगते. माझ्या तोंडानं. तेवढं मला करू द्या."

आणि मामा हो म्हणाले! इतकं होऊन हो म्हणाले. त्यांचा तरी काय दोष? त्यांना वाटलं, जी स्वतःहून सांगायला येते, तिच्यात काहीतरी शिल्लक आहे. आपल्या घरात वाढल्यासारखी पोर, अगदीच कशी जाईल? त्या थोड्याशा शिल्लकीवर त्यांनी पुन्हा एकदा विश्वास टाकला. परत आल्यावर मामींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती येणार आहे. तीच बोलेल तुझ्याशी." मामींची कळी खुलली. "बघा! पोर माझ्यासाठी एवढ्या लांबून येतेय."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाई आल्या. मामा वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत काय चाललं असेल याचा विचार करत त्यांनी बाकाचा एक सैल खिळा अंगठ्यानं दाबत ठेवला. बराच वेळ गेला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या मामांसमोर थांबल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता जिन्याकडे गेल्या. मामांनीही काही विचारलं नाही. जखमेवर मीठ कशाला चोळायचं, असं त्यांना वाटलं. त्यांना खरोखर तिची कीव आली. मग ते मन घट्ट करून आत गेले, मामींना सावरायला.

मामी उशीला टेकून बसल्या होत्या आणि चेहरा प्रसन्न होता.

"किती रडली हो पोर," त्या म्हणाल्या. "मलाच तिला समजवावं लागलं. म्हटलं, अगं मी काही लगेच मरत नाही."

मामा पलंगाशी उभेच राहिले. "काय म्हणाली?"

"म्हणत होती, मामी, तुम्हाला हे व्हायला नको होतं. सारखं तेच. मग म्हणाली, आतलं जे काढतील ते आम्हाला अभ्यासाला मिळालं तर फार उपयोग होईल. माणसातली गाठ तिला अजून बघायला मिळालेली नाही म्हणे. मी म्हटलं ने बाई, मला काय त्याचं लोणचं घालायचंय? डॉक्टरांनाही सांगून टाकलं मी, बाईंना द्या म्हणून. तेवढंच पोरीचं काम होईल." मग त्यांना आठवलं. "आणि तुम्ही विचारलंत ना तिला? माहीत नव्हतं ना तिला?"

तिनं सांगितलं नव्हतं. सांगायला म्हणून आली, रडली, आणि जे उरलं होतं तेही मागून घेऊन गेली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आज यांना काही लागेल असं बोलू नका. नाही म्हणणं सोपं होतं. नव्हतं माहीत तिला, एवढंच म्हणायचं, आणि मामी हसत आत गेल्या असत्या. तो शब्द मामांच्या जिभेवर आलाही. पण मग त्यांना वाटलं, हिला काय कळू द्यायचं आणि काय नाही, हे एकीनं दहा वर्षं ठरवलं. आता मीही ठरवू? ते पलंगाच्या कडेवर बसले.

"माहीत होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. डबे, गोळी, सुरुवातीपासून ठाऊक असणं, 'सांगितलं असतं तर तुम्ही गोळी दिली असती' हे वाक्य, आणि वेगळ्या शिजवलेल्या भाजीचं कारण. काही राखून ठेवलं नाही. मामींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि चेहरा एकदम आजारी दिसायला लागला. बाहेर ढकलगाडीची चाकं वाजली. दोन माणसं त्यांना न्यायला येत होती.

"मी तिचे डोळे पुसले हो," मामी म्हणाल्या. "आत्ता. इथं बसवून. या हातानं."



"डॉक्टरांना बोलवा आधी. त्याशिवाय मी गाडीवर चढणार नाही. त्यांना म्हणावं, जे काढाल ते जाळून टाका. चिमूटभरही तिला मिळता कामा नये."

मामा उठून लगबगीनं दाराकडे निघाले. दारातून त्यांनी मागं वळून बघितलं, तेव्हा मामी आपला उजवा हात चादरीला पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, जोर लावून.